जाऊबाईंचा दात

माझ्या थोरल्या जाऊबाईंशी माझं पहिलं भांडण कपडे वाळत घालायच्या दोरीवरून झालं आणि शेवटचं अजून व्हायचं आहे. एका मजल्यावर दोन बिऱ्हाडं, मध्ये एकच स्वयंपाकघर, आणि दोघे भाऊ असे की घराला आग लागली तरी आधी हातातला घास संपवतील. म्हणजे घर रेटायचं आम्ही दोघींनी. त्यातून गेली आठ वर्षं आम्ही कामालाही एकाच ठिकाणी आहोत. भांड्याला भांडं लागणारच. पण आज सांगते आहे ते भांडण नव्हे. ते मी केलेलं एक वाईट काम आहे, आणि ते वगळून जाऊबाई कशा आहेत हे मला सांगता येत नाही. बरेच दिवस प्रयत्न करून पाहिला.

आमचं दुकान बबल टीचं. ज्यांनी हा प्रकार प्यायला नसेल त्यांच्यासाठी सांगते: थंडगार दुधाचा चहा, मोठा पारदर्शक पेला, तळाशी काळे मोती, आणि ते मोती ओढता यावेत म्हणून बोटाएवढी जाड स्ट्रॉ. माणूस चहा पिता पिता मध्येच चावायला लागतो. मोती म्हणजे टॅपिओका, कसावाच्या कंदाच्या पिठाच्या गोळ्या. साबुदाण्याचा काळा, थोराड भाऊ म्हणा. चहा काय, कोणीही करतं. दुकान चालतं ते मोत्यांवर. मोती कच्चा राहिला तर पोटात पिठूळ पांढरा ठिपका राहतो, त्याला आम्ही डोळा म्हणतो. जास्त शिजला तर नुसता चिखल. त्या दोन्हींच्या मध्ये एक वेळ असते, जेव्हा मोती दाताखाली दबतो, जरा उलटा ढकलतो आणि मग सुटतो. ती वेळ फार तर पाच मिनिटांची. ती जाऊबाईंना बरोबर सापडायची.

त्या आत, मी बाहेर काउंटरवर. पेले भरायचे, मशीनखाली धरून तोंडाला प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवायचा, नंबर पुकारायचा. आमच्या मध्ये भिंत आणि भिंतीत एक सरकती पत्र्याची खिडकी.

जाऊबाई या दुकानात आल्या त्या फरशी पुसायला. त्याआधी अकरा वर्षं त्यांनी एका दवाखान्यातही फरशीच पुसली होती. त्यांचे गुडघे तिथेच गेले. "मला माणसं चपलांवरून ओळखू येतात," असं त्या म्हणायच्या, "तोंडं कोणाची बघितलीयेत?" आणि हे हसत म्हणत असल्या तरी त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

एके दुपारी मोती शिजवणारा माणूस मालकिणीशी भांडून, अंगातला एप्रन काढून चालता झाला. बाहेर गिऱ्हाइकांची रांग. मालकीण तेव्हा वयाने लहान, दुकान नवं, तिच्या तोंडचं पाणी पळालं. जाऊबाई हातातलं फडकं पिळून म्हणाल्या, "मी बघते." आणि त्यांनी काय करावं? दोन अख्खी पाकिटं फोडून गार पाण्यात भिजत घातली. साबुदाणा भिजवतात तशी, वर बोटाचं पेर बुडेल एवढं पाणी ठेवून. अर्ध्या तासाने पातेल्यात काळी खळ तयार. मोती कच्चेपणी गार पाण्यात पडले की विरघळतात, हे त्यांना कोण सांगणार? आमच्या घरात वाढलेली कुठलीही बाई हेच करती. मीही केलं असतं.

मालकिणीने कपाळाला हात लावला. दुसरी कोणी असती तर गुपचूप फडकं उचलून कोपरा धरला असता. जाऊबाई म्हणाल्या, "अजून एक पाकीट द्या. हेही बिघडलं तर उद्यापासून मी येत नाही." आणि त्या दिवशी त्या दर मिनिटाला एक मोती काढून चावत पातेल्यापाशी उभ्या राहिल्या. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा जबडा इतका दुखत होता की जेवल्या नाहीत. पण त्यांना कळलं होतं. "पाणी आधी चांगलं रागावू द्यायचं," मला म्हणाल्या, "मग मोती सोडायचे. शांत पाण्यात टाकलेस तर गेले." तेव्हापासून फरशी दुसरं कोणीतरी पुसू लागलं. वर्षभराने त्यांनीच मला तिथे चिकटवलं. मालकिणीला सांगितलं काय, तर "हिला घ्या, हिचं तोंड चालतं, काउंटरला बरी."

तर मोत्यांची रीत अशी. अर्धा तास खळखळत्या पाण्यात, मग गॅस बंद करून अर्धा तास झाकणाखाली. मग चावून बघायचं. बरोबर असतील तर नळाखाली गार पाण्यात धरायचे आणि तपकिरी साखरेच्या पाकात सोडायचे. एकदा गार पाणी लागलं की माघार नाही, डोळा राहिला असेल तर तो राहिलाच. चार तासांत खपले नाहीत तर फेकायचे आणि नवा घाणा लावायचा. दिवसाला सात-आठ घाणे सहज होतात.

आणि मागच्या वर्षी जाऊबाईंचे दात गेले. एकेक करून नाही, हिरड्यांनीच दगा दिला. दातांच्या डॉक्टरने वरचे-खालचे सगळे काढले आणि कवळी बसवली. दुकानात आम्ही सांगितलं, ताप आहे. दात आहेत तर चणे नाहीत असं म्हणतात, यांच्यापुढे मोत्यांची पोती होती आणि दात नव्हते. कामावर परतल्या त्या पहिल्याच दिवशी मोती कवळीला चिकटला आणि वरची पट्टी सुटून जिभेवर आली. संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी मला हे सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"मला काही कळेना, धाकटे. रबर चावल्यासारखं वाटतंय. दाबला काय, सुटला काय, सगळं सारखंच."

"मालकिणीला सांगा ना. ती काय खाणार आहे तुम्हाला?"

"मोती शिजवणारीला दात नाहीत, हे कळलं की माझ्या हातात परत फडकं देतील. मला परत चपला नाही बघायच्या."

आवाज चढला नव्हता, पण मेथीची काडी त्यांनी इतक्या जोरात मोडली की पानं माझ्या मांडीवर आली. मग मीच म्हटलं, की चावते मी. तुम्ही शिजवा, मी चावते.

ठरलं ते असं. घाणा झाकणाखाली मुरला की त्या खिडकी वीतभर सरकवणार आणि पेल्याच्या एका झाकणात तीन मोती ठेवून पुढे करणार. तीनच का, तर एक मोती खोटं बोलू शकतो, तिन्ही नाही बोलत. मी चावणार आणि खिडकीच्या पत्र्यावर बोटाने ठोके देणार. एक म्हणजे कच्चे. दोन म्हणजे बरोबर. तीन म्हणजे जास्त झाले. आतून त्या झाऱ्याने पातेल्याच्या काठावर तेवढेच ठोके देणार, म्हणजे ऐकलं. मालकिणीला वाटायचं, मला मोत्यांची चटक लागली आहे. "ताई, कंटाळा नाही येत तुम्हाला?" असं एकदा विचारलंही तिने.

खरं सांगते, सुरुवातीला मला अभिमान वाटायचा. लग्न होऊन एकवीस वर्षं झाली, एकवीस वर्षं या बाईने मला मीठ किती घालायचं ते शिकवलं, आणि आता तिचं पान माझ्यावाचून हलत नव्हतं. मी नीट चावायची. एक पुढच्या दातांनी, एक दाढेखाली, एक जिभेने टाळूला दाबून. एकदा मी एक ठोका दिला, एकदा तीन. बाकी नेहमी दोनच.

आणि तिथेच माझं बिनसलं. नेहमी दोनच. दिवसाला सात घाणे, एकवीस मोती, जबडा अवघडतो, गोडाने तोंड बुळबुळीत होतं, समोर आठ माणसं नंबरची वाट बघत उभी. एक दिवस खूपच गर्दी होती. मी ते तीन मोती पायाशी असलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि दोन ठोके दिले. काही झालं नाही. मोती उत्तम होते. दुसऱ्या दिवशी गर्दी नव्हती, तरी टाकले. मग सवय झाली. झाकण आलं की डाव्या हाताने डब्यात, उजव्या हाताने दोन ठोके. मी मनाला सांगितलं, बाईचा हात चुकत नाही, उगाच कशाला चावायचं? त्यांचं काम होतंय, माझंही होतंय. असे चार महिने गेले. मला या चार महिन्यांत एकदाही वाईट वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

मग मालकिणीने एक भागीदार घेतला. नवं, मोठं दुकान उघडायचं, दोन्ही दुकानांचे मोती एकाच स्वयंपाकघरात शिजवायचे, असा बेत होता. भागीदार पन्नाशीचा, गोड बोलणारा, बोलताना सारखं मनगटावरचं घड्याळ फिरवणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं. मोती शिजवायचं मशीन मिळतं, पाणी-मोती घाला, बटण दाबा, बाजूला व्हा. मालकीण जाऊबाईंना मावशी म्हणायची; ती म्हणाली, आमच्या मावशींसारखे मोती मशीनला जमणार नाहीत. तो म्हणाला, मग बघूया. एक दिवस, तीन घाणे, मशीन आणि मावशी शेजारी शेजारी. मावशी कमी पडल्या नाहीत तर नव्या स्वयंपाकघराच्या प्रमुख त्याच. कमी पडल्या तर मशीन.

"आणि मावशी?" मालकिणीने विचारलं.

"त्यांना कोण काढतंय? साफसफाईला माणूस लागतंच की आपल्याला."

हे तो जाऊबाईंच्या समोर बोलला, अगदी हसून, जणू उपकार करतोय. घरी येताना जिन्यात त्या मध्येच थांबल्या, कठडा धरला आणि म्हणाल्या, "धाकटे, त्या दिवशी नीट चाव हं." मी म्हटलं, चावते की. त्या दिवशी तरी खरंच चावायचं, असं मी ठरवलं. ठरवलं होतं मी.

त्या सकाळी मशीन आलं. चकचकीत, कमरेएवढं उंच, वर लाल आकडे. भागीदाराने एक नवं पोतंही आणलं होतं, दोघांनी त्यातलेच मोती वापरायचे म्हणून. त्या पोत्याचं मला काहीही ठाऊक नव्हतं. मी बाहेर होते. जाऊबाईंनी मूठभर मोती हातात घेऊन "हे जरा मोठे आहेत," असं म्हटलं होतं म्हणे, आणि भागीदार "मोती ते मोती" म्हणाला होता. हे सगळं मला नंतर कळलं.

दुकान उघडल्यापासून गर्दी. जवळच्या कुठल्यातरी कचेरीतली चौदा माणसं एकदम आलेली, एकाला बर्फ कमी, एकाला साखर नको, एकाला दोन्ही जास्त. त्यातच एका बाईचा पापुद्रा फाटला आणि चहा तिच्या पर्सवर सांडला. मी तिची पर्स पुसत असताना खिडकी सरकली. झाकण आलं. तीन मोती.

डावा हात डब्याकडे गेला, उजव्या हाताने दोन ठोके दिले. मी ठरवलेलं आठवेपर्यंत हात मोकळे झालेसुद्धा होते.

आतून झाऱ्याचे ठोके लगेच आले नाहीत. एरवी लगेच यायचे. मी पर्सवालीकडे बघत कान आत लावला. बराच वेळ काहीच नाही. मग काठावर टक् टक्, आणि पाठोपाठ नळ सुटल्याचा आवाज. मला वाटलं, जाऊ दे, कधी चुकलेत त्यांचे मोती?

पंधरा मिनिटांनी मालकीण चेहरा पाडून आतून बाहेर आली. भागीदाराने सुरीने मोती कापले होते. पाचांपैकी पाचांत डोळा.

"मावशींचं असं कधीच होत नाही," ती मला म्हणाली. "बरं नाहीये का त्यांना?"

आत जावं तर काउंटर सोडता येईना. तेवढ्यात खिडकी पूर्ण सरकली आणि पलीकडे जाऊबाई उभ्या. कपाळावर घाम, डोक्यावरची जाळी एका बाजूला सरकलेली. भागीदार मागच्या दाराबाहेर फोनवर बोलत होता. मला वाटलं, आता पहिली शिवी बसणार.

"धाकटे," त्या हळूच म्हणाल्या, "तुझा दात दुखतोय का?"

मी पेल्यांची चळत सरळ करायला लागले.

"सकाळपासून दुखतोय का? सांगायचं नाही का मग. थंडीचं असेल, थांब, लवंग ठेव दाताखाली." त्या खरंच एप्रनच्या खिशात लवंग शोधायला लागल्या. कवळी बसवल्यापासून हिरडीसाठी बाळगत होत्या. "माझा हात म्हणत होता, अजून सहा-सात मिनिटं. जड लागत होते झाऱ्याला. पण तू दोन दिलेस, म्हटलं माझ्या हाताला काय कळतंय."

त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती आणि पुन्हा वाटू नये. खोटं तयारच होतं. हो, दात दुखतोय, एवढं म्हटलं की सुटले असते. पण मग पुढच्या घाण्यालाही त्यांनी झाकण पुढे केलं असतं, आणि आपल्या हातापेक्षा माझ्या दातावर जास्त भरवसा ठेवला असता. मी पोत्याबद्दल अजून ऐकलेलं नव्हतं, पण एवढं कळत होतं की आज काहीतरी वेगळं आहे आणि ते त्यांच्या हाताला समजलं होतं.

"मी चावले नाही," मी म्हटलं.

"काय?"

"चावलेच नाही मी. डब्यात टाकले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मागे एक माणूस "ताई, सत्तेचाळीस नंबर झाला का?" म्हणून विचारत होता.

"आज?"

"आज. आणि... चार महिने झाले, जाऊबाई. मी चावतच नाही."

"रोज?"

"रोज."

त्यांचा हात खिशातून बाहेर आला, चिमटीत लवंग तशीच. "म्हणजे चार महिने मी कोणाला विचारत होते?"

"कोणालाच नाही. तुम्हीच करत होता सगळं. एकदाही चुकलं नाही, म्हणून तर—"

"मला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मी पत्र्याला कान लावल्यासारखी वाकले. "मला काय ठाऊक, धाकटे? मी घाबरून मरत होते रोज."

आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. आतली कडीही लावली. ती कडी आहे हेच मी विसरले होते.

दुसऱ्या घाण्याचा तो सव्वा तास मी कसाबसा काढला. सत्तेचाळीस नंबर मी एकोणपन्नासला दिला. एका मुलीला नुसता चहा सीलबंद करून दिला, ती परत येऊन म्हणाली, "यात मोती नाहीयेत." मी सॉरी म्हटलं आणि पुन्हा तसाच दिला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून दर मिनिटाला बघत होते. अर्धा तास पाण्याची खळखळ. मग ती थांबली, म्हणजे गॅस बंद. मग झाकणाखालचा अर्धा तास, त्याला आवाज नसतो. तो भरला आणि मी पत्र्याकडे बघत राहिले. एरवी आता खिडकी सरकली असती.

आत मशीनची शिटी वाजली. भागीदार म्हणाला, "मशीनचे झाले, मावशी. तुमचं कसं काय?"

"त्याचे झाले असतील," जाऊबाई म्हणाल्या.

नळाचा आवाज येत नव्हता. दोन मिनिटं, तीन, पाच. नळ सुटला म्हणजे त्यांनी ठरवलं, आणि मग माघार नाही. सात. माझी बोटं पत्र्यावर होती आणि ती मी मुठीत धरली, चुकून ठोका पडू नये म्हणून. आठ मिनिटं झाली तेव्हा आत स्टीलच्या ओट्यावर काहीतरी टक्कन ठेवल्याचा आवाज आला. पाठोपाठ भागीदाराचा, "अहो, हे काय?" मिनिटभर गेलं. मग नळ सुटला.

काय झालं ते मालकिणीने मला सांगितलं. जाऊबाईंनी दोघांच्या समोर तोंडातली कवळी काढली, वरची आणि खालची, आणि पेल्याच्या झाकणात ठेवली. माझ्यासाठी ज्यात तीन मोती काढायच्या, त्याच झाकणात. मग मोती जिभेवर घेतला, हिरडीने दाबला, डोळे मिटले. दुसरा घेतला. तिसरा घेतला. गाल आत गेलेले, बोळकं तोंड, आणि ते दोघे बघत उभे. कवळी बसल्यावर त्यांनी मोती चावून पाहिले होते ते कवळी घालूनच. काढून बघावं, हे त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. कोणी पाहिलं तर, म्हणून काढली नव्हती.

"मावशींना दात नाहीत?" मालकीण मला विचारत होती. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," मी म्हटलं.

दुसऱ्या घाण्यात डोळा नव्हता. तिसऱ्याला भागीदाराने सुरी आणलीच नाही, वाटीत घेऊन खाल्ले, पुन्हा घेतले, आणि घड्याळ फिरवायचं विसरला. मशीनचे मोती वाईट नव्हते, उगाच कशाला खोटं बोलू? पण त्या मोठ्या मोत्यांना मशीन लहान मोत्यांचीच वेळ देत होतं, म्हणून त्यांत बारीक डोळा राहत होता. शेवटी मशीनही आलं आणि जाऊबाईही राहिल्या. पाणी तापवायचं, ढवळायचं काम मशीनचं, कारण गुडघे. थांबवायचं कधी ते जाऊबाईंनी सांगायचं. दात नसलेली बाई नको, असं कोणी म्हटलं नाही. फडक्याचा विषयही कोणी काढला नाही.

घरी मात्र त्या माझ्याशी बोलेनात. ओरडल्या असत्या तर मी चार शब्द परत दिले असते, निकाल लागला असता. तसं नाही. "भात झालाय म्हणून सांग तुझ्या आईला," असं माझ्या मुलीला सांगायच्या, मी शेजारी उभी असताना. चौथ्या दिवशी आमच्या ह्यांच्या लक्षात आलं. "तुमच्या दोघींचं काही झालंय का?" मी म्हटलं, "जेवा." दुकानात खिडकी फक्त भांडी बाहेर यायला उघडायची आणि लगेच बंद व्हायची. माझ्या दाताला आता काही काम नव्हतं, आणि मला ते काम किती हवं होतं हे काम गेल्यावर कळलं. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी दुपारी खिडकी वीतभर सरकली. झाकण पुढे आलं. तीन मोती.

मी खाली वाकून आत बघितलं. जाऊबाई पातेल्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"आता कशाला?" मी विचारलं. "तुम्हाला तर कळतं."

"माझं मला कळतं," त्या मागे न बघता म्हणाल्या. "तुझं कळत नाही."

काउंटरवर सहा माणसं होती. मी पहिल्याला हात करून थांबवलं. पहिला मोती पुढच्या दातांनी चावला, बरोबर होता. दुसरा दाढेखाली, तोही बरोबर. तिसरा जिभेने टाळूला दाबला, तर तो दबेना. मग दाढेखाली धरला आणि आत पीठ लागलं. तळहातावर काढून बघितलं. टपोरा पांढरा डोळा. तो त्या घाण्यातला नव्हताच. त्यांनी तो मुद्दाम आधी काढून बाजूला ठेवला होता.

मी पत्र्यावर एक ठोका दिला.

समोरचा माणूस विचारत होता, माझा नंबर कधी? मी त्याला म्हटलं, थांबा हो जरा. मग पातेल्याच्या काठावर झाऱ्याचे दोन ठोके वाजले.